रोलवर उजेडाचे डाग: गळती नेमकी कुठून होते ते शोधायचं कसं

फोटोत कडेनं नारिंगी झळ आली किंवा कोपऱ्यातून पांढरा धूर आत सरकल्यासारखा दिसला, की पहिला सल्ला हमखास मिळतो: कॅमेऱ्याच्या दाराच्या खाचेतला, उजेड अडवणारा फोम बदला. पुष्कळदा तो बरोबर निघतो. पण फोम बदलूनही पुढच्या रोलवर तोच पट्टा त्याच जागी येतो, तेव्हा आजार ओळखायच्या आधीच औषध दिलं गेलेलं असतं. फिल्मपर्यंत नको तो उजेड पोचायच्या वाटा सात-आठ आहेत, दाराची फट ही त्यातली फक्त एक. प्रत्येक वाट निगेटिव्हवर वेगळी खूण सोडते. ती खूण वाचता आली तर निम्मा तपास कॅमेऱ्याला हात न लावता होतो.

खाली आधी लक्षणं दिली आहेत, मग तपासण्या. फुकटातल्या आधी, खर्चाच्या आणि जोखमीच्या नंतर. मजकूर मुख्यतः ३५ मिमी कॅमेऱ्यांना धरून आहे. १२० रोल (मागे कागद असलेली रुंद फिल्म) आणि भात्याचे कॅमेरे (लेन्समागे घड्यांचा भाता असलेले) यांचं शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

लक्षणं

रंगीत निगेटिव्ह फिल्मवर लाल-नारिंगी पट्टा किंवा ज्वाळा: उजेड फिल्मच्या पाठीकडून आला. लाल उजेड टिपणारा थर सगळ्यात खाली, म्हणजे पाठीला लागून असतो. मागून आलेला उजेड आधी त्यालाच गाठतो आणि वरच्या थरांपर्यंत जाता जाता कमी होतो. म्हणून फोटोत तो लाल दिसतो.

पांढरा किंवा पिवळट धूर: उजेड समोरून, लेन्सच्या बाजूनं आला आणि तिन्ही थर एकदम भाजले. इथे एक गोम आहे. पुष्कळ एसएलआरमध्ये (आरशाच्या मदतीनं लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यांत) रोल पुढे सरकून गुंडाळला जातो तेव्हा फिल्मची संवेदनशील बाजू बाहेर राहते. तिथे बिजागरीकडून आलेला उजेडही पांढराच डाग देतो. तेव्हा रंगावरून अंदाज बांधा, निकाल देऊ नका. कृष्णधवल फिल्मवर तर हा धागा मिळतच नाही.

भोकांच्या आकाराचे, ठरावीक अंतरावरचे ठिपके: गुंडाळलेल्या फिल्मवर उजेड पडला आणि वरच्या वेटोळ्याच्या भोकांतून खालच्या वेटोळ्यावर उतरला. दोन भोकांतलं अंतर ४.७५ मिमी असतं. ठिपक्यांमधलं अंतर तेवढंच भरलं तर शंका उरत नाही.

प्रत्येक फ्रेमवर त्याच जागी एक छोटा ठिपका: शटरच्या कापडी पडद्याला भोक.

तीन-चार फ्रेम पार गेलेल्या आणि त्याआधीच्या हळूहळू कमी बिघडलेल्या: रोल आत असताना दार उघडलं गेलं. कॅसेटमधली, म्हणजे रोलच्या नळकांड्यातली, न वापरलेली फिल्म यातून बहुतेक वाचते.

फक्त पहिल्या दोन-तीन फ्रेमना कडेनं धूर: रोल भरताना किंवा काढून ठेवल्यावर उजेड कॅसेटच्या ओठांतून आत गेला.

संपूर्ण रोल, भोकांच्या कडेसकट, सारखा करडा: मुदत उलटलेली फिल्म, डेव्हलपिंगच्या टाकीतली गळती किंवा विमानतळावरचा स्कॅनर. स्कॅनरच्या बाबतीत बऱ्याचदा रोलभर लाटेसारखा पट्टाही दिसतो.

विजेसारख्या फांद्या फुटलेल्या रेघा: ही गळतीच नाही. कोरड्या हवेत रोल फार जोरात गुंडाळला, की स्थिर विजेची ठिणगी पडते. हळू गुंडाळा, विषय संपला.

फक्त १/५०० किंवा १/१००० सेकंदावर फोटोची एक उभी बाजू फिकी किंवा गडद: शटरचे दोन पडदे एका वेगानं धावत नाहीत. हेही गळतीत मोडत नाही. याचं पुढे.

तपासणी १: स्कॅन बाजूला ठेवा, निगेटिव्ह हातात घ्या

स्कॅनमध्ये कडेची पट्टी कापलेली असते, आणि नेमकी तीच पट्टी आपल्याला हवी आहे. शिवाय स्कॅनरच्या काचेवरची चमक किंवा होल्डरच्या फटीतून आलेला उजेडही हुबेहूब गळतीसारखा दिसतो. म्हणून निगेटिव्ह लॅबमधून परत मागा. फोनच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा आणि त्यावर निगेटिव्ह धरा. फोटोत जिथे पांढरं दिसतं तिथे निगेटिव्हवर काळपट डाग असायला हवा. स्लाइड फिल्म असेल तर उलट: डाग फिल्मवरच फिका किंवा पारदर्शक दिसेल. निगेटिव्हवर काहीच नसेल तर कॅमेरा निर्दोष आहे, दोष स्कॅनिंगचा.

याच वेळी फिल्मच्या कडेला छापलेलं नाव आणि फ्रेमचे आकडेही बघा. ती अक्षरं कारखान्यातच उमटवलेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. तीही फिकट असतील तर डेव्हलपिंग कमी झालं आहे. उजेडाच्या मागे लागण्याआधी रसायनं बघा.

तपासणी २: डाग फ्रेमची हद्द ओलांडतो का?

अख्ख्या तपासात सगळ्यात जास्त उपयोगाचा प्रश्न हाच, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

३५ मिमी फिल्मवर चित्र २४ × ३६ मिमीचं असतं. वर-खाली साडेपाच-साडेपाच मिमीच्या पट्ट्या उरतात, त्यात भोकं. दोन फ्रेमच्या मध्ये साधारण २ मिमीची कोरी फट. लेन्समधून आलेला उजेड फक्त २४ × ३६ च्या खिडकीतूनच फिल्मवर पडू शकतो. खिडकीची धातूची चौकट बाकीचं झाकते. मग डाग भोकांपर्यंत किंवा दोन फ्रेममधल्या फटीपर्यंत पसरला असेल, तर तो उजेड खिडकीतून आलेला नाही. तो दाराच्या कडा, बिजागरी, दारावरची रोल दिसायची खिडकी किंवा कॅसेट यांपैकी कुठून तरी शिरला.

डाग फ्रेमच्या सरळ रेषेवर थांबत असेल, तर उजेड पुढूनच आला आहे. लेन्समधली चमक, भाता, आरशाची पेटी किंवा शटर यांपैकी काहीतरी. अशा वेळी दाराचा फोम कितीही वेळा बदला, फरक पडणार नाही.

एक फसवं लक्षण मात्र आहे. भोकापासून चित्राच्या आत शिरणाऱ्या, हळूहळू विरणाऱ्या रेघा, रोलभर, प्रत्येक भोकासमोर. त्या बहुधा टाकी जोरजोरात हलवल्यामुळे येतात. रसायन भोकांतून वेगानं वाहतं आणि तिथे डेव्हलपिंग जास्त होतं. ओळखायची खूण अशी: जास्त डेव्हलपिंगचा परिणाम उजेड लागलेल्या भागावरच होतो, म्हणून चित्रात रेघा दिसतात आणि कोरी पट्टी स्वच्छ राहते. खऱ्या गळतीत पट्टीही काळवंडते. टाकी हळूवार उलटी-सुलटी करा, रेघा जातील.

तपासणी ३: वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे

लेन्स चित्र उलटं पाडते. त्यामुळे फोटोच्या वरच्या कडेला दिसणारा डाग कॅमेऱ्याच्या तळाच्या बाजूनं आलेला असतो आणि खालचा डाग वरून. कॅमेरा पाठ आपल्याकडे करून धरला, तर फोटोची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. बहुतेक एसएलआरमध्ये बिजागरी याच उजव्या हाताला असते, दाराचा खटका डाव्या हाताला. म्हणजे फोटोच्या डाव्या कडेचा डाग बिजागरीकडे बोट दाखवतो, उजव्या कडेचा खटक्याच्या बाजूकडे.

उभ्या फोटोंत ही गणितं चुकतात, कारण कॅमेरा कोणत्या बाजूला फिरवला होता ते आठवत नाही. तिथे फोटो न बघता निगेटिव्हच्या पट्टीवर शेजारची आडवी फ्रेम बघा. डाग पट्टीच्या कोणत्या कडेला आहे, ते त्यावरून ठरवा.

बिजागरीच्या गळतीची आणखी एक ओळख आहे. तिथून आलेला उजेड गुंडाळीवर, म्हणजे काढून झालेल्या फ्रेमवर पडतो. सगळ्यात बाहेरच्या वेटोळ्याला सर्वात जास्त, आतल्यांना कमी कमी. म्हणून डाग जवळपास ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी फिकट होत जातो. शिवाय कॅमेरा उन्हात जितका जास्त वेळ पडून राहिला तितका तो गडद. एका दिवशी सलग काढलेल्या फ्रेम ठीक आणि मधल्या मोठ्या खंडापूर्वीच्या एक-दोन फ्रेम खराब, असा नमुना दिसला तर गळती बारीक आहे आणि उजेड तासन्‌तास साचला आहे, असं समजा.

तपासणी ४: कॅमेऱ्याबाहेरचे संशयित

रोल सावलीत भरा. सावली नसेल तर उन्हाकडे पाठ करून अंगाच्या सावलीत भरा. कॅसेटच्या ओठांना मखमल असते, पण फिल्मचा पाया स्वतःच काचेच्या तंतूसारखा उजेड वाहून आत नेऊ शकतो. ॲसिटेटच्या पायाला करडी छटा देऊन हे बरंच रोखलेलं असतं. पारदर्शक पॉलिएस्टर पायाच्या फिल्म, उदाहरणार्थ रोलाय रेट्रो मालिकेतल्या, या बाबतीत फार हळव्या असतात. त्या जवळजवळ अंधारात भरायच्या. आणि डबीतून काढलेला रोल खिशात उघडा ठेवायचा नाही.

पुन्हा पुन्हा भरलेल्या कॅसेटची मखमल झिजते किंवा तिच्यात कण अडकतात. मोठ्या गुंडाळीतून स्वतः रोल भरत असाल आणि डाग काही रोलवरच येत असेल, तर कॅसेटना नंबर घाला. दोन-तीन फेऱ्यांत दोषी कॅसेट आपोआप समोर येते. ती फेकून द्या, मखमल दुरुस्त करायच्या फंदात पडू नका.

घरी डेव्हलप करणाऱ्यांनी टाकीवरही संशय घ्यावा. पॅटरसन पद्धतीच्या टाकीत मधली काळी नळी बसवली नाही तर झाकण घट्ट असूनही टाकी उजेडबंद राहत नाही. नळी विसरणं ही फार साधी आणि फार महाग चूक आहे. चेंजिंग बॅगची (आत हात घालून फिल्म हाताळायच्या उजेडबंद पिशवीची) बाह्यांची लवचिक पट्टी सैल झाली की मनगटाकडून उजेड जातो, आणि चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ हातात असेल तर वेगळी गळती लागतच नाही. चाचणी अशी: न वापरलेल्या फिल्मचा १० सेमीचा तुकडा बॅगमध्येच रीळावर चढवा, टाकी बंद करा, पंधरा मिनिटं भर उजेडात ठेवा आणि डेव्हलप करा. तुकडा स्वच्छ निघायला हवा. करडा निघाला, तर कॅमेरा उगाच बदनाम झाला आहे.

फ्रेमच्या आतच थांबणाऱ्या धुरासाठी आधी फिल्टर काढा आणि हूड लावा. फरक पडला तर ती लेन्समधली चमक होती. अवरक्त फिल्म वापरणाऱ्यांसाठी एक टीप: आपोआप रोल सरकवणारे काही कॅमेरे भोकं मोजायला अवरक्त एलईडी वापरतात आणि तिचा धुरकट पट्टा कडेला उमटतो. त्यावर फोमचा उपाय नाही. अवरक्त फिल्मसाठी कॅमेराच बदला.

तपासणी ५: टोपी लावून चाचणी रोल

इथून पुढे एक रोल खर्ची पडतो. २४ फ्रेमचा ४०० आयएसओ पुरेसा आहे. कल्पना सोपी आहे: लेन्सची टोपी पूर्ण वेळ लावलेली. त्यामुळे रोल पूर्ण कोरा निघायला हवा आणि जे काही उमटेल ती गळतीच.

रोल अंधुक उजेडात भरा, दोन फ्रेम सोडून द्या. मग कॅमेरा काळ्या कापडात गुंडाळा आणि एका वेळी एकच सांधा उघडा ठेवून तो उन्हात दोन मिनिटं धरा. फ्रेम ३ ला बिजागरी, ६ ला खटक्याची कड, ९ ला तळाचा सांधा, १२ ला वरचा सांधा, १५ ला दारावरची रोल दिसायची खिडकी, १८ ला लेन्स आणि बॉडीचा जोड. दर वेळी मधल्या दोन फ्रेम कोऱ्या सोडायच्या, म्हणजे शेजारच्या डागाशी गल्लत होत नाही. फ्रेम २१ ला सगळे सांधे काळ्या इन्सुलेशन टेपनं बंद करा आणि कापड न गुंडाळता दोन मिनिटं उन्हात ठेवा. काय कधी केलं ते तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहा. नंतर आठवेल हा समज खोटा आहे.

वाचताना बिजागरीचा डाग फ्रेम ३ वरच शोधू नका. तो त्याआधीच्या, गुंडाळीवर गेलेल्या भागातही असतो. फ्रेम २१ स्वच्छ आणि बाकीच्यांपैकी एखादी डागाळलेली असेल, तर दोषी सांधा सापडला. फ्रेम २१ सुद्धा धुरकट असेल, तर उजेड सांध्यांतून येत नाही. शटरकडे वळा.

कॅमेऱ्यात टॉर्च पेटवून दार बंद करायचं आणि बाहेरून बघायचं, ही युक्ती खूप जण सुचवतात. मोठं भोक असेल तर ती चालते. पण दाराची कड खाचेत दोन-तीन वळणं घेऊन बसते, तिथून आलेला उजेड डोळ्याला दिसत नाही. डोळा क्षणाचा उजेड बघतो, फिल्म तासाभराचा साठवते.

दोष नक्की झाला आणि पुढचे चार रोल लगेच काढायचे असतील, तर त्या सांध्यावर काळी टेप लावून खुशाल वापरा. होल्गा हा प्लास्टिकचा साधा कॅमेरा वापरणारे वर्षानुवर्षं हेच करतात. टेप उन्हात फार दिवस राहिली की तिचा गोंद पाझरतो, तेवढं लक्षात ठेवा.

तपासणी ६: फोम

आता फोमची पाळी. १९७०-८० च्या दशकांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांत, कॅनन एई-१, पेंटॅक्स के१०००, मिनोल्टा एक्स-७००, ऑलिम्पस ट्रिप ३५, कॅनोनेट, यशिका इलेक्ट्रो ३५, दाराच्या वरच्या-खालच्या खाचांत आणि बिजागरीपाशी पॉलियुरेथेनचा फोम असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो आतून तुटत जातो. आधी चिकट होतो, मग डांबरासारखा, मग भुगा. वापराशी याचा संबंध नाही. पेटीतून कधी न काढलेल्या 'नव्याकोऱ्या' कॅमेऱ्याचा फोमही तेवढाच सडलेला असतो.

टूथपिकनं हलकेच दाबा. दबून परत वर आला तर ठीक. काडीला चिकटला, तुटला किंवा दबलेलाच राहिला तर बदलायचा. सगळ्या कॅमेऱ्यांत फोम असतोच असं नाही. लायका एमसारख्या तळाकडून रोल भरायच्या कॅमेऱ्यांत खोल खाच आणि धातूची कडच उजेड अडवते. तिथे झाकणाला पोचा आलाय का ते बघा.

साहित्य: खाचांसाठी १.५ ते २ मिमी जाडीचा, मऊ, काळा, मागून चिकट फोम. बिजागरीसाठी काळी चिकट फेल्ट. आयसोप्रोपिल अल्कोहोल, बांबूच्या काड्या, कापसाच्या काड्या, धारदार ब्लेड, धातूची पट्टी. अरुंद खाचेत काळी लोकरही उत्तम बसते. ॲसिटोन घेऊ नका, ते प्लास्टिक विरघळवतं.

जुना फोम काढणं हेच खरं काम, नवा लावणं दहा मिनिटांचं. कॅमेरा दार खाली येईल असा धरा, म्हणजे भुगा शटरवर न पडता बाहेर पडतो. शटरसमोर कागदाचा तुकडा अलगद आडवा धरा, पडद्याला चिकटवू नका. बांबूच्या काडीचं टोक चपटं करून आधी कोरडा भुगा काढा, नंतरच अल्कोहोल. ओला केलेला जास्तीचा फोम काळी शाई होऊन सगळीकडे पसरतो. काडी ओली हवी, टपकणारी नको. खाचेचा तळ धातूसारखा स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका. जुना गोंद राहिला तर नवी पट्टी महिन्याभरात सरकते.

नवी पट्टी खाचेच्या रुंदीपेक्षा किंचित अरुंद कापा. चिकट बाजूला बोटानं पाण्याचा हलका हात फिरवा, म्हणजे ती लगेच पकडत नाही आणि सरळ करायला वेळ मिळतो. पट्टी ओढून बसवू नका. ओढलेला फोम दोन दिवसांत आखडतो आणि टोकाला फट उरते. फोम बदलूनही गळणाऱ्या कॅमेऱ्यांत हीच चूक सगळ्यात जास्त सापडते, आणि फट नेमकी कोपऱ्यात असल्यामुळे नजरेत येत नाही. कोपऱ्यात दोन पट्ट्या एकमेकींना टेकल्याच पाहिजेत.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जाड फोम. 'जाड तेवढा सुरक्षित' हे इथे लागू नाही. जाड फोमनं दार उचललेलं राहतं, खटक्यावर ताण येतो. दारावरची फिल्म दाबून धरणारी पाटी मग नीट टेकत नाही, आणि फोटो एका बाजूला मऊ येऊ लागतात. गळती गेली आणि फोकस गेला. दार बोटाच्या साध्या दाबानं बंद व्हायला हवं. खाचेत किंवा तिच्या शेजारी एक बारीक खिळी दिसली तर ती फोमनं झाकू नका. दार उघडल्यावर फ्रेमचा आकडा शून्यावर आणणारी ती खिळी आहे. दारावर रोल दिसायची खिडकी असेल तर तिच्या भोवतीचा फोम विसरू नका.

लावून झाल्यावर दार रात्रभर बंद ठेवा आणि मग चाचणी रोल पुन्हा करा. निदान दोषी सांध्यापुरता तरी.

आरशाच्या वरचा फोम वेगळा. तो आरशाचा धक्का झेलतो, आणि आरसा वर गेल्यावर व्ह्यूफाइंडरकडून येणारा उजेडही अडवतो. म्हणून पाठीमागे सूर्य असताना लांब एक्स्पोजरमध्ये त्याची झीज दिसते. जाडी मूळ फोमइतकीच हवी. जास्त झाली तर आरसा पूर्ण वर जात नाही आणि फोटोची एक कड कापली जाते. त्याच्या शेजारी फोकसिंगचा पडदा असतो. तो मऊ प्लास्टिकचा असतो, त्यावर चिकट फोम पडला तर पुसू नका, अल्कोहोल तर मुळीच नको. हात स्थिर नसेल तर हा भाग सोडून द्या. जाता जाता: ऑलिम्पस ओएम-१ मध्ये प्रिझमवरचा फोम सडून प्रिझमचा चांदीचा मुलामा खातो. व्ह्यूफाइंडरमध्ये काळे ओघळ दिसतात, फोटोवर काही नाही. ती गळती नव्हे.

तपासणी ७: शटरचा पडदा

डाग फ्रेमच्या आत आणि नेमका त्याच जागी येत असेल तरच इथे या. रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघायच्या कॅमेऱ्यांत, लेन्स आणि कापडी पडदा यांच्या मध्ये आरसा नसतो. टोपी न लावता कॅमेरा सूर्याकडे तोंड करून राहिला, तर लेन्स भिंगासारखी पडद्याला भोक पाडते. एसएलआरमध्ये आरसा खाली असताना पडदा बराच झाकलेला असतो, त्यामुळे तिथे हा दोष कमी त्रास देतो.

खोली पूर्ण अंधारी करा, डोळ्यांना पाच मिनिटं द्या. लेन्स काढा, दार उघडा, लहान एलईडी टॉर्च माउंटच्या तोंडाशी धरा आणि मागून बघा. एकदा शटर भरलेला (लीव्हर ओढून तयार केलेला) असताना, एकदा सोडल्यावर. कारण दोन वेळा दोन वेगवेगळे पडदे समोर असतात. बारीक तारे चमकले तर भोकं सापडली. एसएलआरमध्ये आरसा वर अडकवायची सोय असेल तरच हे करा. आरसा बोटानं उचलायचा नाही, त्याचा मुलामा पुढच्या पृष्ठभागावर असतो.

एखादंच टाचणीएवढं भोक असेल तर कापडावर वापरायच्या काळ्या रंगाचा अगदी पातळ ठिपका काडीनं देऊन काम भागतं. रंग पूर्ण वाळेपर्यंत शटर भरायचा किंवा सोडायचा नाही. तीन-चार भोकं किंवा भेगा पडलेलं रबर दिसलं तर रंग देत बसू नका. रंगानं पडदा जड आणि कडक होतो, वेग बिघडतात आणि शेवटी पडदाच बदलावा लागतो. धातूच्या पात्यांच्या शटरला काडी, कापूस, हवा, काहीही लावायचं नाही.

१२० रोल आणि भाते

मागच्या लाल खिडकीचा गोल डाग, कधी त्यात कागदावरचा आकडाही उमटलेला: खिडकी फक्त रोल सरकवताना उघडा, एरवी टेपनं झाका. दोन्ही कडांना लांबच लांब धूर: रोल सैल गुंडाळला गेला आणि कागदाच्या कडेनं उजेड शिरला. भरताना अंगठ्यानं रिळावर हलका ताण ठेवा, काढल्यावर लगेच कागदी पट्टीनं घट्ट बंद करा आणि सावलीतच हाताळा.

भात्याची भोकं बहुतेक घड्यांच्या कोपऱ्यांत असतात. अंधारात एलईडी भात्यात ठेवा, भाता पूर्ण ताणा, मग अर्धा मिटा, आणि सगळ्या बाजूंनी बघा. ताणल्यावरच दिसणारं भोक मिटल्यावर लपतं. भात्यातला उजेड फ्रेमच्या आतच राहतो, त्यामुळे तो लेन्सच्या चमकेसारखा वाटून फसवतो. एक-दोन भोकांना काळ्या लवचिक रंगाचा पातळ थर चालतो. घडी मोडताना चुरचुरणारा भाता मात्र बदलायचाच.

इथे थांबा

पुढची कामं घरची नाहीत. धातूच्या पात्यांवर डाग किंवा वाक. फक्त वरच्या वेगांवर दिसणारा फरक, किंवा फ्रेमच्या एकाच कडेला उठणारी ठळक पांढरी पट्टी. ही पडदा शेवटी आदळून परत उसळल्याची खूण असते. पडद्यांचा ताण यंत्रावर मोजूनच लावतात. वाकलेलं दार किंवा सैल बिजागरी हातानं सरळ करायला जाऊ नका, एक बाजू बसते आणि दुसरी उघडते. फोकसिंगच्या पडद्यावर किंवा प्रिझमवर सडलेला फोम. लेन्समधल्या शटरची पाती तेलकट असणं. आणि चाचणी रोलची फ्रेम २१ धुरकट असूनही पडदा स्वच्छ दिसणं.

फ्लॅश असलेल्या छोट्या कॅमेऱ्याचं वरचं झाकण तर उघडायचंच नाही. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात, आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच वेळ टिकतात.

दुरुस्तीला देताना स्कॅन पाठवू नका. न कापलेली चाचणी रोलची निगेटिव्ह, कोणत्या फ्रेमला काय केलं त्याची चिठ्ठी आणि बिघडलेल्या रोलची एक पट्टी कॅमेऱ्यासोबत द्या. फोम आधीच बदलला असेल तर तेही चिठ्ठीत लिहा. नाहीतर कारागीरही पहिल्यांदा तोच बदलेल.